मोड

अण्णांनी अंगठी खिडकीपाशी नेली.
भिंग तेच, त्रिशूरचं,
दांड्याला सुतळी गुंडाळलेलं.
डोळ्याभोवतीचं कातडं आपोआप गोळा झालं.
बाहेर यंत्रमाग चालू होते,
विट्याच्या दुपारीला शांतता म्हणजे
एका ठेक्यातली खटखट.

"कमरेवर नंबर कोरलाय की," ते म्हणाले,
"म्हशीच्या कानातल्या बिल्ल्यागत.
हरवला तर कुणाचा ते कळंल."

मी सांगितलं, सुरतेत झालाय.
यंत्राच्या पोटात, वायूच्या धगीत
पापुद्र्याएवढी चकती ठेवतात,
तिच्यावर थर चढत जातात, सव्वीस दिवस.
त्या चकतीला तिथं बी म्हणतात.
खाणीतला निरंजनच्या पगारात बसला नसता
हेही सांगितलं.
लपवू नकोस, असं तोच म्हणाला होता.

"आणि मोड किती?"

गलाईवाल्याला दागिन्याबद्दल
पडणारा पहिला प्रश्न. शेवटचाही.
"मोड नाही. परत कुणी घेत नाही.
सोन्याचे येतील तेवढेच."

"येतील की उद्यापर्यंत,"
आतून आईचा आवाज,
"फडकं वाळलं होतं जरा."
तिच्या हातात मटकीची पुरचुंडी.

अण्णा हसले,
आणि हसण्यातून खोकल्यात गेले.
तो तेजाबाचा खोकला,
त्याला थांब म्हणून चालत नाही.
टेंभूचं पाणी यायच्या आधी
या तालुक्यातून माणसंच वाहत जायची,
हे सोळाव्या वर्षी वाहिले ते केरळात लागले.
एका बोळात भट्टी, मुशी, पिवळा धूर,
आणि दुसऱ्यांच्या बायकांच्या बांगड्या.

"सोनं वितळलं की नाव विसरतं," ते म्हणाले.
"कुठल्या खाणीतलं, कुणाच्या गळ्यातलं,
मुशीत कोण विचारतंय?
खडा तेवढा बाजूला काढायचा.
गिऱ्हाईक म्हणायचं, टाका तो, काच आहे."
ते टाकायचे नाहीत.
हॉर्लिक्सची बरणी होती, मला आठवते:
काचा, पुष्कराजाच्या नावाचं काहीतरी,
अमेरिकन डायमंड, एक फुटकं पोवळं.
सुट्टीत मी ती फरशीवर ओतून
रंगांप्रमाणे लावायचे.
त्यात खरा एखादा होता का,
कधी विचारलं नाही.

आक्काआत्याच्या कुड्या खाणीतल्या होत्या.
सात सात खडे, पावतीसकट.
मामंजींच्या दवाखान्यासाठी मोडायला गेली
तर सांगलीच्या पेढीवर
पावतीच्या निम्म्याला निम्मेही धरले नाहीत.
ती पायरीवर बसून
कुड्या पुन्हा कानात घालून आली होती.

आईच्या पाटल्या मात्र
अण्णांनी स्वतःच्याच भट्टीत घातल्या,
दुकानाची पागडी भरायची म्हणून.
नऊ पवन, वर थोडं.
तेव्हा घट किती धरलीत, असं ती अजून विचारते,
चेष्टेत.
चेष्टेतच असावं.

ती आता दारात उभी, ओलं फडकं सोडून बघत:
"ह्यालाबी यायला लागलेत. बारीक."
अंगठीकडे तिनं एकदा पाहिलं,
"छान आहे," म्हणाली,
"पण बोटात सैल होतीय. दोरा गुंडाळ."

मग अण्णांनी खडा तोंडाशी धरला.
जुनी परीक्षा: वाफ टाकायची.
काचेवर धुकं रेंगाळतं,
हिऱ्यावर थांबत नाही.
जन्मभर भट्टीत फुंकलेलं ते तोंड,
आता एक फुंकर म्हणजे
आतून बादली ओढून काढायची.

धुकं आलं
आणि मी बघू म्हणायच्या आत गेलं.

"खाणीतल्यावरबी असंच जातं."
"मग फरक काय, अण्णा?"

त्यांनी एक बोट वर केलं. थांब.
श्वास अजून परत यायचा होता.
यंत्रमागांचे किती ठोके गेले असतील.
आई मटकीवर पाणी शिंपडत राहिली.

आला तेव्हा त्यांनी अंगठी माझ्या तळव्यावर ठेवली
आणि "शरि" म्हणाले,
त्रिशूरला रात्री
वजनाशी हिशोब जुळला की म्हणायचे
तसं.